विश्लेषण : महागडा फिल्टर लावूनही फर्नेस बंद का पडते? डक्ट आणि हवेचे गणित काय सांगते?

जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकला आणि न्यू यॉर्कचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. घरातल्या हवेचा फिल्टर हा तेव्हापासून उत्तर अमेरिकेत घरोघरी चर्चेचा विषय झाला आहे. टोरंटो, न्यू जर्सी किंवा शिकागोकडे राहणारी मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. दुकानातला सर्वांत दाट आणि सर्वांत महाग फिल्टर आणून तळघरातल्या फर्नेसमध्ये सरकवला की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तोच फिल्टर जानेवारीच्या कडाक्यात फर्नेस बंद पाडू शकतो. असे का होते आणि ते टाळायचे कसे, याविषयी...

फर्नेस नेमके काय करते?

महाराष्ट्रात थंडी शालीवर आणि स्वेटरवर भागते. जिथे पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो, तिथे मात्र संपूर्ण घर तापवावे लागते. कॅनडा आणि अमेरिकेतील असंख्य घरांत हे काम तळघरात, माळ्यावर किंवा एखाद्या कोनाड्यात उभी असलेली गॅसची फर्नेस करते. आत बर्नर पेटतात. त्यांच्या ज्वाळा ‘हीट एक्स्चेंजर’ या धातूच्या बंद कप्प्याला तापवतात. ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, घरातली हवा या तापलेल्या कप्प्यावरून ढकलतो. जळलेल्या गॅसचा धूर वेगळ्या नळीने घराबाहेर जातो. घरातली हवा आणि हा धूर कधीही एकत्र येत नाहीत. सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे.

सुरुवातीच्या फर्नेसना पंखा नव्हता. आयोवातील मार्शलटाऊनमध्ये डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये पोलादी पत्र्याची कोळशाची फर्नेस विकायला काढली. न्यू जर्सीतील मॉरिसटाऊनच्या अॅलिस पार्कर यांना १९१९ मध्ये गॅसवर चालणाऱ्या फर्नेसच्या रचनेचे पेटंट मिळाले. जुन्या फर्नेसमध्ये गरम हवा आपोआप वर चढे आणि थंड हवा खाली येई. त्या मंद प्रवाहाला फिल्टरचा अडथळा सोसणे कठीण होते. विजेचा पंखा आल्यावर फिल्टरची सोय झाली. म्हणजे फिल्टरची गोष्ट पहिल्यापासूनच पंख्याच्या ताकदीशी बांधलेली आहे.

डक्टचे जाळे कसे चालते?

फर्नेसला दोन बाजू असतात. ‘सप्लाय’ डक्ट गरम हवा खोल्यांत नेतात आणि ‘रिटर्न’ डक्ट खोल्यांतली गार हवा पुन्हा फर्नेसकडे आणतात. फिल्टर बहुधा रिटर्नच्या शेवटी, हवा ब्लोअरमध्ये शिरण्याआधी बसवलेला असतो. जेवढी हवा खोल्यांत जाते तेवढीच परत यायला हवी. रिटर्नची वाट अरुंद असेल, तर पुढचे डक्ट कितीही मोठे असले तरी उपयोग नाही.

किती हवा लागते, याचा अंदाज उन्हाळ्यावरून येतो, कारण एसीची हवाही याच डक्टमधून जाते. एसीच्या दर टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा, असा ठोकताळा आहे. तीन टनांच्या एसीला १२०० घनफूट हवा लागते. म्हणजे १५ बाय १० फुटांच्या, आठ फूट उंच खोलीतली सगळी हवा दर मिनिटाला एका फिल्टरच्या चौकटीतून जायला हवी. ती चौकट अनेक घरांत जेमतेम १६ बाय २५ इंचांची असते.

डक्ट बसवताना काय चुकते?

पहिली चूक मोजमापाची. जुनी फर्नेस होती तेवढीच किंवा ‘थोडी मोठी’ नवी बसवायची, ही सर्रास पद्धत आहे. त्याऐवजी घराला किती उष्णता लागते ते मोजून फर्नेस निवडायला हवी आणि त्यानुसार डक्ट आखायला हवेत. अमेरिकेतील एसीसीए या कंत्राटदार संघटनेच्या मार्गदर्शिका यासाठी प्रमाण मानल्या जातात. ‘मॅन्युअल जे’ उष्णतेची गरज काढण्यासाठी, ‘एस’ यंत्र निवडण्यासाठी आणि ‘डी’ डक्टच्या आखणीसाठी. गरजेपेक्षा मोठी फर्नेस पटकन तापते, पटकन बंद होते आणि पुन्हा सुरू होते. घर समान तापत नाही, वर यंत्र लवकर झिजते.

दुसरी चूक वळणांची. प्रत्येक काटकोनी वळण हवेला अडवते. लवचीक डक्ट वापरला, तर तो ताणून बसवावा लागतो. दोन आधारांमध्ये दर फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. झोळ पडलेला किंवा दाबला गेलेला डक्ट बाहेरून धड दिसतो, पण आतून हवा गुदमरलेली असते. पत्र्याच्या गोल डक्टच्या प्रत्येक जोडाला किमान तीन स्क्रू हवेत आणि एक नळी दुसरीत किमान एक इंच शिरलेली हवी.

तिसरी चूक गळतीची. अमेरिकी सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि सैल जोडांतून वाया जाते. फर्नेसच्या जाहिरातीतला ‘९५ टक्के कार्यक्षमता’ हा आकडा फक्त यंत्रापुरता असतो. न तापवलेल्या माळ्यावरून जाणाऱ्या डक्टमध्ये किती उष्णता हरवते, ते त्यात धरलेले नसते.

डक्टला ‘डक्ट टेप’ का चालत नाही?

नाव डक्ट टेप असले, तरी कापडी पाठीची ही टेप गरम डक्टवर टिकत नाही. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये निरनिराळ्या टेप आणि लेपांची चाचणी घेतली. त्यात डक्टचे जोड बंद ठेवण्याच्या कामी कापडी डक्ट टेपच कमी पडली. गरम-गार होता होता तिचा चिकटा वाळतो आणि ती सुटते. त्यामुळे जोडांवर ‘मॅस्टिक’ नावाचा घट्ट लेप ब्रशने लावावा किंवा खास डक्टसाठी प्रमाणित केलेली फॉइल टेप वापरावी. मात्र जुन्या घरात डक्टच्या जोडांवर पांढरट, कागदासारखी पट्टी किंवा वेष्टन दिसले, तर त्याला हात लावू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. ते खरवडण्याआधी तपासून घ्यावे लागते.

फिल्टरवरचा ‘मर्व्ह’ आकडा काय सांगतो?

फिल्टर किती बारीक कण अडवतो, ते ‘मर्व्ह’ या १ ते १६ च्या श्रेणीवरून कळते. ही श्रेणी अॅश्रे या अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रमाणकानुसार ठरते. मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण अडवतो. धुळीचे मोठे कण, तंतू, परागकण यांच्यासाठी तो ठीक. वणव्याच्या धुराचे बहुतेक कण मात्र एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांसाठी मर्व्ह ८ ला कोणतीही अटच नाही. मर्व्ह ११ ने ते किमान २० टक्के, तर मर्व्ह १३ ने किमान ५० टक्के अडवायला हवेत. हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून फिरते, म्हणून हे ५० टक्केही बरेच काम करतात.

मग १३ क्रमांकाचा लावून मोकळे का होऊ नये?

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए मर्व्ह १३ ची शिफारस करते, पण एक अट घालून. तुमच्या यंत्रणेचा पंखा आणि फिल्टरची खाच झेपवू शकेल, तेवढाच वरचा फिल्टर लावावा. अनेकांच्या नजरेतून हीच अट सुटते.

अनेक घरगुती फर्नेसच्या पट्टीवर हवेच्या एकूण अडथळ्याची मर्यादा ‘०.५ इंच पाणी’ अशी लिहिलेली असते. स्ट्रॉमधून पाणी अर्धा इंच वर ओढायला जेवढा जोर लागतो, तेवढाच हा दाब. डक्ट, वळणे, एसीचे कॉइल आणि फिल्टर या सगळ्यांना मिळून एवढ्यात भागवायचे असते. डक्ट आधीच अरुंद असतील, तर दाट फिल्टरसाठी काही शिल्लक उरत नाही. मग हवा कमी वाहते, हीट एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापतो आणि ‘लिमिट स्विच’ बर्नर बंद करतो. घर गार पडते. हे वारंवार घडत राहिले, तर हीट एक्स्चेंजरला तडे जाऊ शकतात. उन्हाळ्यात याच कारणाने एसीच्या कॉइलवर बर्फ जमतो.

यावरचा उपाय फिल्टरचे क्षेत्रफळ वाढवणे हा आहे. १६ बाय २५ ऐवजी २० बाय २५ इंचांची चौकट केली, तर जागा सव्वापट होते. एक इंच जाडीच्या फिल्टरऐवजी चार-पाच इंच जाडीचा बसेल असा कप्पा करून घेतला, तर खोल चुण्यांमुळे कागद कितीतरी अधिक मिळतो. तोच मर्व्ह १३ मग हवेला फारसे अडवत नाही. नवी फर्नेस बसवताना हा कप्पा करून घेणे सर्वांत सोपे. नंतर पत्रा कापून तो बसवण्याचा खर्च वेगळा.

खाच बदलणे शक्य नसेल, तर फर्नेसमध्ये झेपेल तोच फिल्टर ठेवावा आणि धुराच्या दिवसांत झोपायच्या खोलीत वेगळा हवा शुद्धीकरण यंत्राचा पर्याय निवडावा. चार-पाच मर्व्ह १३ फिल्टर चौकोनी पंख्याला जोडून घरी बनवला जाणारा ‘कोर्सी-रोझेन्थाल’ खोका २०२० पासून त्यासाठीच लोकप्रिय झाला आहे.

फोडणी आणि उदबत्तीचे काय?

फोडणीचा ठसका वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पोहोचतो, तो बहुधा याच डक्टमधून. तेलाचे सूक्ष्म थेंब आणि उदबत्तीच्या धुराचे कण चांगला फिल्टर काही प्रमाणात अडवतो. वास हा वायुरूप असल्याने साध्या फिल्टरमधून आरपार जातो. त्यावर खरा उपाय म्हणजे हवा बाहेर टाकणारा चिमणीपंखा. हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारा पंखा इथे कमी पडतो.

आणखी एक सवय सोडायला हवी. गॅस वाचेल म्हणून रिकाम्या खोल्यांच्या जाळ्या बंद करणे किंवा जमिनीवरच्या जाळीवर सतरंजी, बॅगा ठेवणे. खोली बंद केली म्हणून पंखा कमी हवा ढकलायला बनलेला नसतो. डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते आणि दाट फिल्टर लावल्यावर होतो तोच त्रास सुरू होतो.

खरा धोका कुठे आहे?

थंडी सोसता येते, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्याला रंग नाही, वास नाही. हीट एक्स्चेंजरला तडा गेला, धुराची नळी सुटली किंवा बर्फाने बुजली, तर तो घरात शिरू शकतो. फर्नेसच्या खोलीतला रिटर्न डक्ट गळका असेल, तर तो त्याच खोलीतली हवा ओढतो. शेजारी जुन्या पद्धतीचा, चिमणीवर चालणारा वॉटर हीटर असेल, तर त्याचा धूर वर जाण्याऐवजी खाली खेचला जाऊ शकतो. म्हणजे डक्टमधली फट हा फक्त बिलाचा प्रश्न नाही. ओंटारिओने २०१३ मध्ये यासाठी ‘हॉकिन्स-गिनॅक कायदा’ केला आणि घरांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. तुमच्याकडे सक्ती असो वा नसो, झोपायच्या खोल्यांजवळ ते हवेच. ते वाजले तर खिडक्या उघडत न बसता सगळ्यांनी आधी घराबाहेर पडावे आणि मग ९११ ला फोन करावा.

स्वतः काय करावे, कोणाला बोलवावे?

फिल्टर स्वतः बदलता येतो. चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असावा. फिल्टर आणि खाच यांच्यात फट राहिली, तर हवा तिथूनच निसटते. एक इंची फिल्टर दर महिन्याला पाहावा आणि एक ते तीन महिन्यांत बदलावा. जाड फिल्टर सहा महिने ते वर्षभर चालतो. फिल्टर काम करतो तो पंखा चालू असतानाच. म्हणून धुराच्या दिवसांत थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ ठेवावा. हाताला लागणाऱ्या जोडांवर मॅस्टिकचा लेपही स्वतः देता येतो.

गॅसची जोडणी, धुराची नळी आणि बर्नर यांना मात्र हात लावू नये. ओंटारिओत गॅसचे काम टीएसएसए या संस्थेकडे नोंदणी असलेल्या कंत्राटदारानेच करायचे असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नवी फर्नेस बसवण्यासाठी स्थानिक परवाना लागतो.

कंत्राटदार आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. घराची उष्णतेची गरज मोजली का? काम झाल्यावर डक्टमधला दाब मोजून लिहून देणार का? मर्व्ह १३ लावल्यावर तो दाब फर्नेसच्या पट्टीवरच्या मर्यादेत राहील का? दाब मोजायचे साधन छोटे असते आणि मोजायला काही मिनिटे पुरतात. जो हे मोजायला तयार नाही, त्याने सुचवलेला फिल्टर कितीही भारी असला, तरी विकत घेण्याची घाई करू नये.