चौकटीचे चार कोपरे

साडीचा काठ सरळ धावतो, त्याला वळावं लागत नाही. तोच काठ फोटोभोवती फिरवायचा म्हटलं की चार कोपरे आडवे येतात. माझ्या मते चौकटीचं खरं काम तिथेच सुरू होतं.

सध्या पडद्यावर स्कॅन केलेला एक कृष्णधवल फोटो आहे. नऊवारी नेसलेली आजी खुर्चीत बसली आहे. घरच्यांना तो भिंतीवर लावायचा आहे आणि भोवती पैठणीचा नारळी काठ हवा आहे.

फोटोशॉपमध्ये रंगाला हात लावण्याआधी मी वहीत आकडे मांडते. प्रिंट ८ बाय १२ इंचांची. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर कॅनव्हास २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. फ्रेमची पट्टी कडेचा थोडा भाग झाकते, म्हणून चहूबाजूंनी ७५ पिक्सेल, म्हणजे पाव इंच, कोरे सोडायचे. काठाची रुंदी अर्धा इंच, १५० पिक्सेल. कोपऱ्यांचे चौकोन वगळले की आडव्या बाजूला १९५० आणि उभ्या बाजूला ३१५० पिक्सेल उरतात. नक्षीचा एक नग १५० पिक्सेल रुंद ठेवला, तर आडवे १३ आणि उभे २१ नग नेमके बसतात. दोन्ही संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक अख्खा नग येतो. नग १६० पिक्सेलचा असता, तर कोपऱ्याशी त्याचा तुकडा पडला असता.

मग १५० बाय १५० पिक्सेलची पारदर्शक फाइल उघडायची. नारळीचा सुळका पेन टूलनं अर्धाच काढते आणि त्याची प्रत उलटवून शेजारी जोडते, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. त्यानंतर ऑफसेट फिल्टरनं चित्र ७५ पिक्सेल सरकवायचं. कडा मधोमध येतात आणि सांधा कुठे उघडा पडतो, ते लगेच दिसतं. तो बुजवला, की नग पॅटर्न म्हणून साठवायचा आणि पट्टी भरायची. पट्टीच्या प्रती वळवून चारही बाजूंना लावताना सुळक्यांची टोकं आत, आजीकडे राहतील हे पाहायचं.

कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून जोडता येतात, पण त्यात सुळके मोडतात. त्यापेक्षा तिथे स्वतंत्र चौकोन ठेवून पैठणीतलंच कमळ काढलेलं मला बरं वाटतं. दोन्हीकडून येणारी ओळ त्या फुलापाशी थांबते आणि पलीकडे नव्यानं सुरू होते.

काठातली जर वेगळीच मेहनत मागते. साध्या फोटो प्रिंटच्या शाईत सोनं नसतं. नुसता पिवळा भरला, तर कागदावर तो हळदीसारखा दिसतो. म्हणून गडद तपकिरी, मोहरी आणि फिकट साय अशा बारीक रेघा शेजारीशेजारी ओढते. दुरून डोळा त्या एकत्र करतो आणि चकाकीचा भास होतो. काठाला सावली द्यायची, तर फोटोत उजेड कुठून येतो ते आधी बघावं लागतं. इथे आजीचा डावा गाल अंधारात आहे. सावली दुसरीकडे पडली, तर काठ वरून चिकटवल्यासारखा वाटेल.

शेवटी नक्षी आणि फोटो यांच्यामध्ये ६ पिक्सेलची, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, साधी रेघ. तिच्यामुळे काठाची गजबज पदरापर्यंत पोचत नाही.

मग सगळं चित्र अंगठ्याएवढं करून बघते. पहिली नजर काठावर गेली, तर रंगाची तीव्रता उतरवते आणि पुन्हा बघते. मुघल चित्रसंग्रहांतल्या कित्येक हाशियांवर, म्हणजे चित्राभोवतीच्या समासांवर, सोन्यानं रेखलेली फुलं इतकी हलकी असतात, की मधल्या चित्राचं मानाचं स्थान ढळत नाही. काठ कितीही देखणा जमला, तरी आधी आजी दिसली पाहिजे. त्यासाठी आवडलेला रंग फिका करावा लागला, तर तो करायलाच हवा.