कळफलकाचा स्पर्श आणि मराठी टंकलेखन

संगणकाचा कळफलक ही दिसावयास अगदी सामान्य वस्तू होय. परंतु ज्याला दिवसाचे पाच-सहा तास लेखनात घालवावे लागतात, त्याच्या बोटांचा या वस्तूशी येणारा संबंध सामान्य म्हणता येत नाही. कळफलकांची तुलना करताना बहुधा किंमत, आकार व टिकाऊपणा यांचाच विचार होतो. स्पर्शाचा विचार झालाच, तर तो इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून होतो. वस्तुतः कळफलकाची सुखावहता ही त्या यंत्रावर जितकी अवलंबून असते, तितकीच लिहिल्या जाणाऱ्या भाषेवरही अवलंबून असते.

प्रथम कळेच्या रचनेचा विचार केला पाहिजे. जुन्या टंकयंत्रात बोटाच्या जोरानेच अक्षराचा दांडा उचलला जाऊन कागदावर आपटत असे. संगणकाच्या कळेला असे कोणतेही काम करावयाचे नसते; तिने केवळ विद्युत्-संकेत द्यावयाचा असतो. म्हणून तिच्यातील प्रतिकार हा कळ पूर्वस्थितीस परत यावी आणि बोटाला तिची जाणीव व्हावी, एवढ्याचसाठी योजलेला असतो. हा प्रतिकार कसा योजावा, याविषयीच्या भिन्न कल्पनांतून कळफलकांचे प्रकार निर्माण झाले आहेत.

कार्यालयांतून सर्वत्र आढळणाऱ्या स्वस्त कळफलकात प्रत्येक कळेखाली रबराची लहानशी घुमटी असते. दाब वाढत जाऊन घुमटी एकाएकी खचते आणि कळ तळाशी टेकली म्हणजे अक्षर उमटते. यात आवाज कमी होतो; परंतु प्रत्येक अक्षरासाठी बोटाला तळापर्यंत जावे लागते. लॅपटॉपमधील कळेखालीही बहुधा अशीच घुमटी असते. मात्र कळेला कात्रीसारख्या दोन पट्ट्यांचा आधार असल्याने ती तिरपी होत नाही व तिची खोली पुष्कळच कमी ठेवता येते.

तिसरा प्रकार स्प्रिंगयुक्त यांत्रिक कळेचा. आयबीएम कंपनीच्या १९८५ मधील ‘मॉडेल एम’ या कळफलकात स्प्रिंग वाकते त्याच क्षणी संकेत जातो व ‘टक्’ असा ध्वनीही होतो. त्यामुळे बोट, कान व यंत्र यांत एकवाक्यता राहते. जर्मनीतील चेरी कंपनीच्या प्रचलित कळांत एकूण खोली ४ मिलिमीटर असून लाल व काळ्या कळांत २ मिलिमीटरवरच संकेत जातो. लाल कळेला सुमारे ४५ ग्रॅम वजनाइतका, तर काळीला सुमारे ६० ग्रॅम वजनाइतका दाब लागतो. या दोन्ही सरळ खाली जातात. तपकिरी कळेत मध्येच सूक्ष्म उंचवटा जाणवतो आणि निळीत त्याच्या जोडीला ध्वनीही असतो.

कळ जितकी उथळ तितके श्रम कमी, हा समज मात्र सर्वस्वी खरा नाही. ॲपल कंपनीने २०१५ साली अत्यंत उथळ अशी ‘बटरफ्लाय’ कळ प्रचारात आणली. धुळीच्या कणाने कळ अडकणे, एका दाबात दोन अक्षरे उमटणे अशा तक्रारींमुळे २०१८ मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ च्या अखेरीपासून ती पुन्हा कात्रीच्या रचनेकडे वळली.

आता भाषेचा प्रश्न. भारतीय लिपींसाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट रचनेत स्वर व हलन्त डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात, हा तिचा मोठा गुण होय. परंतु च, ट, ड, ज आणि य ही व्यंजने उजव्या करंगळीच्या वाट्याला आली आहेत. आणि मराठीत तर षष्ठीचे प्रत्ययच चा, ची, चे, च्या असे आहेत. ‘त्याच्या’ हा नित्याचा शब्द घ्यावा. त्यासाठी आठ कळा दाबाव्या लागतात. त्यांपैकी चार, म्हणजे दोन हलन्त व दोन काने, डाव्या मधल्या बोटाने. तीन, म्हणजे च आणि दोन य, उजव्या करंगळीने. व उरलेला त अनामिकेने. सर्वांत चपळ अशा तर्जनीला या शब्दात कामच नाही.

शिफ्ट कळेमुळे हा भार आणखी वाढतो. टंकलेखनाच्या शास्त्रशुद्ध पद्धतीत अक्षर ज्या हाताचे, त्याच्या विरुद्ध हाताने शिफ्ट दाबावयाची असते. अ, आ, इ इत्यादी पूर्ण स्वर डाव्या हाताकडे असून शिफ्टसह उमटतात. अर्थात त्यांचाही बोजा उजव्या करंगळीवरच येतो. ‘आणि’ या एवढ्याशा शब्दात ती दोनदा शिफ्टवर जाते: एकदा ‘आ’साठी, एकदा ‘ण’साठी. रोमन अक्षरांतून उच्चारानुसारी लेखन करणाऱ्यास ही अडचण अशा रूपात जाणवत नाही.

यावरून तुलनेची कसोटी निश्चित होते. इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्याने कळेचा दाब तर्जनीने नव्हे, तर करंगळीने अजमावावा. तर्जनीला भक्कम वाटणारी ६० ग्रॅमची कळ करंगळीला तासाभरात जड होऊ शकते. म्हणून अशा लेखकास हलकी, तळाशी न आपटता संकेत देणारी कळ अधिक मानवण्याचा संभव आहे. उजवीकडील शिफ्ट पुरेशी रुंद आहे किंवा नाही, तसेच ट, ड आणि य यांच्या कळा आखूड केलेल्या किंवा जागेवरून हलविलेल्या नाहीत ना, हेही पाहणे अगत्याचे आहे. कारण जागा वाचविण्यासाठी काही लहान कळफलकांत याच कडेच्या कळांवर प्रथम गदा येते. मागील पाय उभे केल्याने मनगट वर मुडपत असेल, तर ते मिटवून ठेवावेत.

दुकानात एखादे इंग्रजी वाक्य लिहून पाहिल्याने यांपैकी काहीच कळून येत नाही. मराठीतील एक परिच्छेद अर्धा तास लिहून पाहावा आणि कोणते बोट प्रथम थकते, याकडे लक्ष द्यावे. त्या बोटाचा कौल हाच निवडीचा खरा आधार होय.