घोयऱ्याचे घर

येमेन देशातील घोयरा सरडा परदेशांत पुष्कळ लोक पाळतात. हा प्राणी वृक्षवासी. म्हणून त्याचा पिंजरा दोन फूट रुंद, तर चार फूट उंच करतात. लाकडी चौकटीला काच न लावता जाळी ठोकतात. कारण काचेत हवा कोंडते. आत फांद्या व पालेदार रोपाची कुंडी ठेवतात. भांड्यातील पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब टिपतो. म्हणून पानांवर रोज पाणी शिंपडतात. अतिनील किरणांचा दिवा नसेल, तर त्याची हाडे मऊ पडून वाकतात.

मुलांनो, एवढा खटाटोप कशासाठी? एका झाडाची उणीव भरून काढण्यासाठी! आपल्याकडील घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. त्याला पकडू नका. त्याचे झाड तेवढे राखा.