खिशातली धावपट्टी
मरोळच्या कुशीतल्या मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरताना 27 हा आकडा दिसतो. म्हणजे होकायंत्रावर साधारण 270 अंश, पश्चिम. घाटकोपरवरून येताना तीन अंशांचा उतार धरला, तर दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर खाली यावं लागतं. मोबाइलवरचा सिम्युलेटर हेच गणित बोटांत उतरवतो. ‘एक्स-प्लेन’ हा सिम्युलेटर तर पंखाचे छोटे तुकडे कल्पून प्रत्येकावरचं बल मोजतो. म्हणून वेग फार घटला, की विमान ढेपाळतं.

फोन तिरका करण्यात कसलं आलंय वैमानिकपण, असं कोणी म्हणेल. हाताचं कसब त्यातून येत नाही, कबूल. पण ढगात शिरल्यावर खऱ्या वैमानिकालाही शरीराचा कौल बाजूला ठेवावा लागतो, कारण अगदी संथ वळण आतल्या कानाला कळतच नाही. तिथे भरवसा फक्त समोरच्या उपकरणांच्या तबकड्यांवर, आणि त्या वाचायची सवय फोनच्या पडद्यावरही लागते.