एका सरळ रेषेची मर्यादा

१९४३ मध्ये वॉरन मॅककुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील चेतापेशीचे जे गणिती प्रारूप मांडले, त्यात येणाऱ्या संकेतांची बेरीज ठरावीक उंबरठ्याला पोहोचली की पेशीचे उत्तर १, अन्यथा ० असे मानले होते. पुढे १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांनी ‘पर्सेप्ट्रॉन’ या रचनेत प्रत्येक संकेताला भार, म्हणजे त्याचे महत्त्व दर्शवणारी संख्या, जोडून चुकांवरून ते भार सुधारत नेण्याची रीत दिली.

दोन संकेतांचे भार प्रत्येकी १ आणि उंबरठा १.५ असेल, तर दोन्ही संकेत एकदम आल्यावरच पेशी उद्दीपित होते. मात्र ‘दोहोंपैकी नेमका एकच’ ही अट एकट्या पेशीला पाळता येत नाही, कारण आलेखावरील (०,१) व (१,०) हे बिंदू एका बाजूला आणि (०,०) व (१,१) दुसऱ्या बाजूला राहतील अशी सरळ रेषाच काढता येत नाही; अशा मर्यादांची चिकित्सा मार्व्हिन मिन्स्की व सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ च्या ग्रंथात केली.

मात्र संकेत आणि अंतिम पेशी यांच्यामध्ये पेशींचा एक थर घालून त्यातील एका पेशीने ‘किमान एक’ आणि दुसरीने ‘दोन्ही एकदम नाहीत’ हे तपासले, आणि या दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच अंतिम पेशी उद्दीपित झाली, की कोडे सुटते; असे थर शिकवण्यासाठी अंतिम चूक मागच्या थरांकडे वाटत नेणारी पश्चप्रसारण पद्धत रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या शोधनिबंधाने सर्वदूर पोहोचवली.