चोरी कीं विद्यादान ?

शेजारघरून आणलेली साखरेची वाटी परत करतांना शिगोशीग भरून द्यावी, वाटेंत सांपडलेला पैसा आपला मानूं नये, असे संस्कार ज्या घरांत मुलांवर अजूनहि होतात, त्याच घरांतील संगणकावर चालणारी आज्ञावली पुष्कळदां चोरीची असते, असें आम्हीं म्हटल्यास वाचकांस राग येईल. परंतु हें दूषण आम्ही प्रथम स्वतःसच लावून घेतों.

पेन्शन घेतल्यावर संस्कृत शब्दांची एक नवी रूपावली तयार करावी, असें आमच्या मनानें घेतलें. मराठी टंकलेखनाची आज्ञावली, जिला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात, ती विकत घेणें म्हणजे कांहीं हजारांचा खर्च. शेजारच्या एका होतकरू मुलानें ती दहा मिनिटांत आमच्या संगणकावर उतरवून दिली आणि मोबदला म्हणून बेसनाचे दोन लाडू घेतले. पुढें महिन्याभरानें एका झेरॉक्सच्या दुकानांत आमच्याच जुन्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या नकला विकल्या जात असल्याचें दृष्टीस पडलें. घरीं येऊन आम्हीं त्या दुकानदारावर यथेच्छ तोंडसुख घेतलें. तें ऐकून आमच्या सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, त्यानें निदान कागदाचा तरी खर्च केला आहे." आम्ही निरुत्तर झालों.

या कृत्याचे कैवारी म्हणतात, "वस्तु चोरली म्हणजे ती धन्याजवळून जाते, नकलेनें त्याचें काय जातें? दिव्यावर दिवा लावला म्हणून पहिला विझत नाहीं. शिवाय विद्या दिल्यानें वाढते, हें तुम्हींच शिकविलें." युक्तिवाद सकृद्दर्शनीं बिनतोड आहे. पण पंचांगाचा दाखला घ्या. वर्षाचें गणित मांडण्यांत पंचांगकर्त्याचे महिनेच्या महिने जातात; एकदां तें झालें कीं पुढील प्रतीस कागद-शाईपुरतेंच मोल. सॉफ्टवेअरला तर कागद-शाईहि नको. पहिल्या प्रतीस सारा खर्च, दुसरीस जवळजवळ शून्य. म्हणूनच तो पहिला खर्च सर्व गिऱ्हाइकांनीं थोडाथोडा वांटून घ्यावयाचा असतो. प्रत्येकानें शेजाऱ्याचें पंचांग उतरून घेतलें, तर पुढील वर्षाचें गणित कोण मांडील ?

हीच तक्रार अमेरिकेंत १९७६ सालीं बिल गेट्स यांनीं आल्टेअर नांवाच्या छोट्या संगणकाच्या हौशी लोकांस एक उघडें पत्र लिहून केली. आपली 'बेसिक' ही आज्ञावली जो तो वापरतो. पण आल्टेअर बाळगणारांत ती विकत घेणारे शेंकडा १० हूनहि कमी, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें तेच गृहस्थ कुबेर झाले. तेव्हां 'त्यांचें काय बिघडलें?' असें कोणी विचारील. खरी मौज येथेंच आहे. १९९८ सालीं चीनमधील या चोरीविषयीं बोलतांना त्यांनींच कबूल केलें कीं, लोक चोरणारच असतील तर त्यांनीं आपलाच माल चोरलेला बरा. एकदां संवय जडली म्हणजे पैसे वसूल करण्याची वाट पुढें सांपडेल. म्हणजे फुकटची नक्कल बलाढ्य कंपनीस पुष्कळदां उद्यांचें गिऱ्हाईक मिळवून देते. मरतो तो मराठी अक्षरांसारख्या लहान बाजारावर पोट असलेला कारागीर. कारण त्याचीं गिऱ्हाइकें मुळांतच थोडीं.

आपला कायदाहि याबाबत मोघम नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं आज्ञावलीस वाङ्मयकृतींत स्थान मिळालें. १९९४ च्या दुरुस्तीनें आलेल्या ६३-ब या कलमानें जाणूनबुजून चोरटी प्रत वापरणारास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यासाठीं वापर नसल्यास न्यायालय कैद टाळूं शकतें; गुन्हा मात्र राहतोच.

परदेशी मालाच्या किंमती तेथील पगारांवर बेतलेल्या असतात आणि आमच्या गरीब विद्यार्थ्यास त्या झेपत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यावर चोरीवांचून उपाय आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभिली. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स जगापुढें ठेवलें. आणि मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनीं घडविलेलीं 'मुक्ता' हीं देवनागरी अक्षरें कोणीहि विनामूल्य वापरावीं, अशी त्यांची स्वतःचीच परवानगी आहे. विद्यादान म्हणावयाचें तें याला. दान देणाऱ्याच्या इच्छेनें होतें. घेणाऱ्यानें परस्पर उचललेल्या वस्तूस दान म्हणत नाहींत.

आम्हीं ती चोरटी आज्ञावली काढून टाकली व विनामूल्य मिळणारें लिबरऑफिस बसविलें. बोटांस नवी रीत शिकविण्यांत पंधरा दिवस गेले, नातवंडांत आमचें हंसेंहि झालें. पण रूपावली पुरी झाली. ती विद्यार्थ्यांस विनामूल्य द्यावी, असें आम्हीं ठरविलें आहे. त्या झेरॉक्सवाल्यानेंहि तिच्या नकला खुशाल काढाव्या.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच कीं, नवा संगणक घरीं आला म्हणजे त्याची किंमत जशी आपण विचारतां, तशी त्यांतील आज्ञावली कोठून आली, हेंहि एकदां विचारावें.