पाण्याखालचा श्वास, किनाऱ्यावरची देखभाल

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय वाढला, तसे त्याच्या साधनांच्या दुरुस्तीचे कामही वाढले. या कामात हयगय झाली तर गिऱ्हाईकाच्या जिवावर बेतते. साधन पाण्याखाली दगा देते खरे. पण बिघाडाची सुरुवात बहुधा किनाऱ्यावरच, धुण्याच्या आळसातून झालेली असते.

सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दोन-अडीच बार असतो, यावरून फरक लक्षात यावा. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवून हवा श्वासाजोगी करतो. त्यातील स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि रबरी रिंगांवर खारे पाणी सुकले की मिठाचे खडे धरतात. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तो उघडाच राहिला तर काही मिनिटांत सिलिंडर रिकामा होतो.

म्हणून त्याच दिवशी साधने गोड्या पाण्यात भिजवून धुवावीत. त्याआधी पहिल्या टप्प्याचे टोपण घट्ट लावावे. रेग्युलेटर भिजत असताना हवा सोडण्याचे बटण दाबू नये, पाणी आत शिरते. वाळवणे सावलीत. वर्षातून एकदा, वापर जास्त असल्यास त्याआधीच, रेग्युलेटर पूर्ण खोलून रिंगा बदलाव्यात. मशीनचे तेल लावू नये. काही जातींचे रबर त्याने फुगते. कंपनीने सांगितलेलेच ग्रीस वापरावे.

जाणता कारागीर आधी हवा आत येते तेथील धातूची जाळी पाहतो. ती हिरवी दिसली तर खारे पाणी आत गेले, तांबूस दिसली तर पोलादी सिलिंडर आतून गंजला असे समजावे.

सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवू नये. थोडा दाब राहिला की दमट हवा आत जात नाही. दरवर्षी तो आतून तपासावा. पाण्याच्या दाबाची चाचणी मुदतीत आणि मान्यताप्राप्त केंद्रातच करावी. त्याला वेल्डिंग कदापि करू नये.

कॉम्प्रेसरची हवा घेणारी नळी इंजिनाच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या बाजूला असावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि २० मीटर खोलीवर दाब तिप्पट झाल्याने त्याचा घातही वाढतो. फिल्टर वेळेवर बदलावा.

लेथ, पंप, कॉम्प्रेसरवर हात बसलेल्या कारागिरांना या धंद्यात वाव आहे. मात्र कंपनीचे प्रशिक्षण आणि अस्सल सुटे भाग यांशिवाय रेग्युलेटर खोलू नये. प्रत्येक साधनाचा क्रमांक, तारीख आणि बदललेले भाग वहीत लिहून ठेवावेत. जे काम येत नाही ते येत नाही, असे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे. अशाच दुकानावर लोकांचा विश्वास बसतो.